लॅकाडेझिकल

जुन्या डिक्शनरीचा कुबट वास आला की पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतली लायब्ररी आठवते. आई गेली त्या वर्षी बाबांच्या सीआरमध्ये, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालात, साहेबाने ‘लॅकाडेझिकल’ असा शेरा मारला आणि त्यांचं प्रमोशन हुकलं. अपिलात तो शब्द खोडून काढायचाच, म्हणून मी टर्बाइनएवढी वजनदार डिक्शनरी एकट्याने उचलली. “भैया, फाड़ मत देना!” लायब्ररियन ओरडले. अर्थ निघाला, निरुत्साही, ढिला. पण शब्दाचं मूळ होतं एक जुना विलाप, ‘हाय रे, काय हा दिवस!’ मी धावत घरी येऊन सांगितलं. वाकडीतिकडी पोळी लाटायची थांबवून बाबा म्हणाले, “मग साहेबाने बरोबरच लिहिलंय रे.” अपील त्यांनी केलंच नाही. हा किस्सा सांगताना मी दर वेळी डिक्शनरीचं वजन तेवढं वाढवतो. बाकी काही वाढवावं लागत नाही.