मधल्या खुर्चीतला वकील

गल्लीत त्याला सगळे टाचणी म्हणत. धंद्याने शिंपी. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे निम्मं आयुष्य हुंकारांवरच निभावलं. पण हात काय होता! त्याने शिवलेला कोट अंगात चढला की साधा कारकूनही नाटकातल्या राजाच्या प्रवेशाला निघाल्यासारखा ताठ चालायचा.

असा हाताचा पक्का माणूस थोरल्या भावापुढे मात्र कच्चा. शेजारीच दादाचं कापडाचं दुकान, आणि दोन्ही दुकानांमागे एक सामाईक बोळ. त्या बोळात कोणाचे खोके ठेवायचे यावरून दोघांत वाजलं. रागाच्या भरात टाचणी कोर्टात गेला. हरलाही तोच. वर दादाचा खर्च कोर्टाने त्याच्याच डोक्यावर टाकला.

खर्चाचं बिल हातात पडलं तेव्हा त्याने ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"दादाचे दोन वकील!" तो बायकोला म्हणाला. "एक बोलत होता, मान्य. दुसरा नुसता मध्ये बसलेला. अवाक्षर काढलं नाही त्याने. त्याचे पैसे मी का भरू?"

"मग हेच जाऊन सांगा की. मला सांगून बिल कमी होणारेय का?"

तो आपल्या वकीलबाईंकडे गेला. बाईंनी नीट फोड करून सांगितलं, "मास्तर, खर्च तुमच्यावर टाकलाच का, असं भांडण असेल तर वरच्या कोर्टात अपील. खर्च देणं कबूल, पण बिलातलं एखादं कलम फुगवलेलं वाटतं, तर खालीच, बिल तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे हरकत घ्यायची. तीही मुदतीत. तुमचं हे दुसरं."

"तिथे काय असतं?"

"एक टेबल. अलीकडे तुम्ही, समोर तुमचे दादा. एकेक कलम वाचायचं, ज्याने त्याने आपलं म्हणणं सांगायचं."

"अगदी समोर?"

"मग काय माळ्यावर बसवू त्यांना?"

"आणि अपिलात?"

"तिथे बरंचसं कागदावर चालतं. पण तो रस्ता तुमचा नाही, मास्तर."

"अपीलच करा."

बाई ठाम नाही म्हणाल्या. तेव्हा कागद काखोटीला मारून तो दुसऱ्या वकिलाकडे गेला, ज्याला कुणालाच नाही म्हणता येत नसे. घरी मात्र छाती काढून सांगितलं, "वरचं कोर्ट मोठं. तिथला न्यायही मोठा."

मोठ्या कोर्टाने कागद हातात घेतले आणि परत केले. बिलातल्या कलमाची तक्रार इथे चालत नाही, आधी खाली हरकत घ्यायला हवी होती. आणि तोवर खालची मुदतही टळून गेली होती.

लालबुंद कानांनी तो पुन्हा बाईंच्या दारात उभा राहिला.

"आता उशीर माफ करा म्हणून विनंती करावी लागेल," बाई म्हणाल्या. "आणि उशिराचं कारण द्यावं लागेल."

"आजारी होतो म्हणू?"

"होतात?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग जे आहे ते सांगा."

अधिकाऱ्याची ती खोली अगदीच लहान. एक टेबल, पाण्याचा जग, कुरकुरणारा पंखा. समोर दादा, अंगात टाचणीनेच शिवलेला कोट. डाव्या बाहीचं अस्तर उसवलेलं आणि भलत्याच रंगाच्या दोऱ्याने कसंबसं टाचलेलं. चेहऱ्याकडे पाहायला नको म्हणून टाचणी त्या बाहीकडेच पाहत राहिला. नाटकात अशा वेळी मागून सूर लागतो, नटाला तेवढाच आधार. इथे फक्त तो पंखा.

"उशीर का झाला?" अधिकाऱ्याने विचारलं.

"साहेब, इथेच यायचं असतं हे मला ठाऊक होतं. बाईंनी सांगितलं होतं. पण दादासमोर बसायची लाज वाटली. खोक्यांसाठी मीच त्याला कोर्टात खेचलं. म्हणून वर पळालो."

मागच्या बाकावर बसलेली बायको हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिची नजर त्याच्या मानेत रुतली.

अधिकाऱ्याने दादाला विचारलं, "उशीर माफ करायला तुमची ना आहे?"

"माझी ना नाही."

"मग कलम बघू. हा दुसरा वकील कशासाठी लागला?"

दादाच्या वकिलाने तोंड उघडलं, तोच दादाने हाताने त्याला थांबवलं.

"काढून टाका ते कलम, साहेब. त्या माणसाला काम असं काहीच नव्हतं. मीच त्याला म्हटलं, मधल्या खुर्चीत बसा. मला हा दिसायला नको होता."

"हा कोण?"

"हाच. माझा धाकटा."

पंखा कुरकुरत राहिला. टाचणी जिंकला होता, आणि त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"ठीक. वगळतो," अधिकाऱ्याने लेखणी उचलली.

"थांबा साहेब," टाचणी म्हणाला. "अर्धं राहू द्या माझ्याकडे."

"अहो, हरकत तुमचीच ना?"

"माझीच. पण तो मध्ये बसला म्हणून मीही निभावलो."

"अरे गाढवा, मिळालंय ना पदरात? गप बस की!" दादा खेकसला.

"तू गप बस, दादा."

जन्मात पहिल्यांदा त्याने दादाला असं सुनावलं, तेही बाहीकडे बघूनच. अधिकाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अर्धं लिहू?" कोणीच मान वर केली नाही. त्याने अर्धं लिहिलं.

दादाने डावा हात हळूच टेबलाखाली नेला. ती बाही लपवायला आता फार उशीर झाला होता.