आठ म्हणजे उघडी की बंद
मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास आला की मला आजही एका जागी बसवत नाही. ऐंशी सालानंतरची ती वर्षं, चिंचवडच्या एका लहानशा कारखान्यात मी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचे प्रोग्राम लिहायचे. हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, मोटर, पेडल, प्रत्येकाची स्थिती एकेका बिटात असायची आणि आमचे साहेब ते बिट थेट आठ, सोळा अशा आकड्याने तपासायचे. मी मागे लागायचे, ‘जाळी बंद आहे का’ अशा नावाचं छोटं फंक्शन करू या, वाचणाऱ्याला कळेल तरी. “उगाच प्रोग्राम हळू होतो, बाई. आकडे पाठ करा,” साहेब म्हणायचे. त्या दुपारी चाचणी चालू असताना पत्रा अडकला. साहेबांनी जाळी उचलून हात आत घातला. जाळी उघडी असताना प्रेस खाली येऊ न देणं आमच्या प्रोग्रामच्या हाती होतं, आणि नेमकी तीच ओळ माझ्यासमोर पडद्यावर होती. मोटर घरघरत होती, मला राहवेना. “सर, इथे आठ म्हणजे जाळी उघडी की बंद?” साहेबांचा हात सावकाश बाहेर आला. तो फडक्याला पुसत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “तुमचं ते फंक्शन लिहा आधी.” आता कुणी म्हणालं, तुम्ही नावं फार लांबलचक ठेवता, तर मी वाद घालत नाही, नकळत माझे दोन्ही हात टेबलावर, डोळ्यांसमोर आणून ठेवते.