पहिलीच्या वर्गातली बहीण

ओल्या पाटीचा वास आला की गोरेगाव खेड्याजवळची, आमच्या बंजारा तांड्यावरची शाळा आठवते. गुरुजी मराठीत शिकवायचे आणि चौथीतली माझी बहीण आम्हा पहिलीच्या लेकरांत बसून तेच आमच्या घरच्या गोरमाटी बोलीत सांगायची. दिवाळीनंतर मला आजीजवळ ठेवून आईबाप तिला आणि तान्ह्या भावाला घेऊन ऊसतोडीला निघाले. “काहून नेता तिला?” गुरुजींनी विचारलं. “तान्ह्याला कोन संभाळंल, गुर्जी?” बाप खाली बघत म्हणाला. ट्रक गेला, गुरुजींनी पाठ सुरू केला, आणि आम्ही सगळे सवयीनं तिच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिलो. आम्हाला काहीच कळत नाही हे पाहून गुरुजींनी पुस्तक मिटलं. आज मी प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांना सांगते, लेकराला आधी त्याच्या बोलीतून शिकवा. कुणी विचारतं, कुठल्या पुस्तकात आहे हे. हे मला जिनं शिकवलं, त्या माझ्या बहिणीची चौथीसुद्धा पुरी झाली नाही.