बाईंचा रविवार

थर्मामीटर लावायच्या आधी बाई मुलाच्या कपाळावर हाताची मागची बाजू टेकवायच्या. काही वेळ तशाच थांबायच्या. मग म्हणायच्या, "आहे गा थोडा ताप. घाबरू नको, मी आहो ना."

साठचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरातल्या एका दवाखान्यात शिकाऊ नर्स म्हणून लागले, तेव्हा बाई मुलांच्या वॉर्डाच्या सिस्टर होत्या. त्यांचं घर बौद्ध, वडील कापडाच्या गिरणीत. त्यांच्या वस्तीतून नर्स झालेली पहिली मुलगी म्हणजे बाई. शिकताना होस्टेलच्या मुली त्यांचं ताट वेगळं ठेवायच्या, हे मला एका जुन्या आयाबाईनं सांगितलं. बाईंच्या तोंडून कधीच ऐकलं नाही.

एकदा इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याचा नातू आला. हगवणीनं डोळे पार खोल गेलेले. बाई सलाइनसाठी नस शोधत होत्या आणि आजीनं मध्येच विचारलं, "तुमी कोन्या जातीच्या वं बाई?"

बाईंनी मान वर केली नाही. "आजी, पोराची नस सापडून नाही राहिली. दोन मिनिटं द्या, मंग सांगते."

नस सापडली. सलाइन सुरू झालं. मग आजीकडे वळून बाईंनी जात सांगितली, पत्ता सांगावा तशी.

तिसऱ्या दिवशी पोरगं खिचडी मागू लागलं. घरी जाताना आजीनं आम्हां सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. बाईंच्या टेबलावर मात्र पुडा लांबूनच सरकवला. मी संतापले.

"काहून चिडतेस?" बाई म्हणाल्या. "पोरगं आपल्या पायानं गेलं का नाही?" त्यांनी पुडा उघडून वॉर्डातल्या मुलांना वाटून टाकला. स्वतः एकही पेढा घेतला नाही. ते मी पाहिलं.

सुटीच्या दिवशी माणसं काय करतात, तुम्ही आम्ही जाणतोच. बाई दर रविवारी वस्तीतल्या विहाराच्या ओसरीवर वजनकाटा टांगायच्या. बाळांची वजनं घ्यायच्या, लस टोचायच्या, आयांना मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवायच्या. प्रत्येक बाळाचं एक कार्ड असायचं, त्यावर पुढची तारीख बाईंच्या हातची. आधी मी ओढून नेल्यासारखी जायचे, पुढं आपणहून जाऊ लागले.

दवाखान्यात मेट्रनची, म्हणजे सगळ्या नर्सांच्या प्रमुखाची, जागा दोनदा निघाली. दोन्ही वेळा बाईंपेक्षा नवख्या नर्सना मिळाली. तिसऱ्यांदा मात्र बाईंना डावलणं कुणाला जमलं नाही. वस्तीनं सत्कार केला. लाउडस्पीकर लागला, हार आले, पहिल्या रांगेत त्यांचे म्हातारे वडील कोरं धोतर नेसून बसले.

बाईंचं भाषण एवढंच झालं, "मी पहिली झाली, चांगलं झालं. पन मी एकटीच राहिली तर काय कामाचं? कोन्या पोरीले नर्स व्हाचं आहे? हात वर करा."

तीन हात वर आले. त्यातला एक एका आईनं खाली ओढला. बाई गळ्यातल्या हारांसकट स्टेजवरून उतरल्या आणि त्या आईशेजारी सतरंजीवर जाऊन बसल्या. सत्कार तिथंच थांबला. पुढं त्या तिन्ही पोरी नर्स झाल्या.

सत्काराला वर्षही झालं नसेल. बाई राउंड घेताना पलंगाचा दांडा धरून उभ्या राहू लागल्या. तपासणीत कळलं, छातीत गाठ होती आणि रोग पार पसरला होता. गाठ दोन वर्षांपासूनची. बायाबायांना तपासून घ्या म्हणून सांगत फिरणाऱ्या बाईंनी स्वतःची गाठ कुणाला दाखवली नव्हती.

मी त्यांच्या उशाशी बसून रडत विचारलं, "काहून नाही सांगितलं, बाई?"

त्या छताकडे पाहत राहिल्या. "मेट्रनची जागा निघनार होती वं. आजारी बाईले कोन देते?"



बाई गेल्या त्या आठवड्यातल्या रविवारी मी विहारात गेले. जाऊ की नको, असं करतच गेले. ओसरीवर बाया पोरं घेऊन रांगेत बसल्या होत्या. रांगेच्या शेवटी एक कोवळी बाळंतीण होती, भिवापूरच्या सासरहून त्याच सकाळी पुन्हा माहेरी आलेली. तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं कार्ड पुढं केलं. त्यावर बाईंच्या अक्षरात त्याच दिवसाची तारीख होती.

"बाई कवा येतीन?" तिनं विचारलं.

रांगेतल्या सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातून बाळ घेतलं आणि काट्याच्या झोळीत ठेवलं.