होडीतली टाकी
सिलिकॉनचा आंबूस वास आला, की पैठणच्या धरणकाठची ती सकाळ आठवते. गळाला लावायची जिवंत बारकी मासळी उन्हात मरायची, म्हणून माझ्या वडिलांना, आबांना, होडीत टाकी हवी होती. मी शहरातल्या शहागंज बाजारातून बॅटरीवरचा हवेचा पंप आणला आणि निळा ड्रम कापून, फटींत सिलिकॉन भरून होडीत बसवू लागलो. त्यांचा रिपोर्ट वाईट आलाय, हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. "डॉक्टर काय म्हणला रं?" आबांनी विचारलं. "काय नाय आबा, बरं हाय." आबा म्हणाले, "मग एवढ्या घाईनं कशाला बसवायलास?" मी खाली मान घालून बोल्ट आवळत राहिलो. महिन्याभरात ते गेले; टाकी पाण्यावर गेलीच नाही. त्या सकाळी हातातला पाना ठेवून घटकाभर त्यांच्याजवळ बसलो नाही, याचं आजही वाईट वाटतं.