पाइपच्या रेषेतला होज

अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या ऑफिसात पाइपिंगचं गाडं अडलं, की आमचे वरिष्ठ एकच औषध काढत: होज टाका. होज म्हणजे स्टीलची पन्हळी नळी, वरून तारांची जाळी. पंपावर पाइपचा भार जास्त येतोय? होज. टाकीचं तोंड ओढलं जातंय? होज. आणि होज टाकला की कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये पाइप तिथे चक्क कापून टाकायचा, जणू तिथे काही नाहीच. मग पलीकडे भार जात नाही, आकडे हिरवे होतात आणि हे महाशय स्वतःवर खूश होऊन कॉफी घ्यायला जातात. या विद्येला ते अनुभव म्हणत.

ते मराठीच. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत. मी मात्र काका म्हणायचे, कारण या देशात उतरल्यावर सुरुवातीला मी त्यांच्याच घरी राहिले होते. काकांनी इंजिनिअरच्या लायसन्सची परीक्षा कधी दिली नाही. मी दिली. त्यामुळे ड्रॉइंगवर शिक्का माझा लागायचा, आणि उद्या काही फुटलं तर जाब मलाच द्यावा लागणार होता.

एका वेफर्सच्या कारखान्याचं काम आलं. कढत तेल खेळवणारा पंप आणि त्याला जोडलेला लांबलचक पाइप. हा पाइप तापून वाढणार तो थेट पंपाच्या दिशेने, आणि काकांनी होज बसवला होता नेमका त्याच रेषेत. आता असा होज आडवा वाकतो, लांबीत दबत नाही. दाबलाच तर जाळी सैल पडते आणि आतली नळी फुगून फाटते. होज विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्येसुद्धा हे लिहिलेलं असतं. पण कॅटलॉग वाचणं हे काकांच्या मते नवशिक्यांचं काम.

मी मॉडेलमधली कापाकापी काढून होज त्याच्या खऱ्या ताठरपणासह घातला. होज तर फाटणारच होता, वर पंपावरचा भारही मर्यादेबाहेर. उपाय साधा होता: पाइपला एका एल्बोचं वळण वाढवून होज काटकोनात घ्यायचा, म्हणजे तो वाकून पाइपची वाढ सामावून घेतो. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. ड्रॉइंग क्लायंटकडे गेलं होतं, आणि ते परत मागवणं म्हणजे चूक कबूल करणं.

शनिवारी जेवायचं बोलावणं आलं. काकूंनी मसालेभात केला होता, आग्रह करकरून वाढला. पुढचं त्या बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. ताटं उचलली जाताच काकांनी त्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. ही त्यांची जुनी रीत. ऑफिसात नाही म्हणणारा माणूस घरचा भात खाऊन नाही म्हणायला धजत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पाइपबद्दल तेवढं माहीत असतं तर बरं झालं असतं.

"अगं, फ्लेक्सिबल आहे म्हणूनच तर टाकला ना," ते म्हणाले. "एवढं अ‍ॅनॅलिसिस कोण करतं यार? स्टॅम्प कर आणि मोकळी हो."

आख्खी हयात या धंद्यात घालवलेल्या माणसाचा हा युक्तिवाद. लाज मलाच वाटली.

"काका, त्या पंपापाशी माणूस उभा असतो," मी म्हणाले. "मी स्टॅम्प करणार नाही."

काका हसले. शिक्के काय, कुणाचेही मिळतात, असं म्हणाले आणि मला दारापर्यंत सोडायलाही उठले नाहीत.

सोमवारी मी माझं मॉडेल क्लायंटच्या इंजिनिअरला पाठवलं, काकांना कॉपीत ठेवून. नोकरी गेली असंच धरून चालले होते. मीटिंग ठरली. इंजिनिअरने होजचं काय करायचं ते विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत काकांनी सांगून टाकलं, की होज काटकोनातच हवा, हे आपण टीमला पहिल्यापासून बजावतोय. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ड्रॉइंग बदललं, आणि ते बरोबर होतं म्हणून मी शिक्का मारला. डिझायनर म्हणून नाव काकांचं.

संध्याकाळी पार्किंग लॉटमध्ये ते माझ्या गाडीपाशी आले. "बघ, मी अडवलं म्हणून तू एवढा अभ्यास केलास," म्हणाले आणि पाठीवर थाप मारायला हात पुढे केला.

मी बाजूला झाले. मला त्यांची कीव येईल असं वाटलं होतं. आली ती किळस. कारण ते खोटं बोलत नव्हते. एवढ्या वेळात त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता, आणि पुढचा होज ते पुन्हा बिनदिक्कत पाइपच्या रेषेतच बसवणार होते.