आधी आपलं दूध

बंगळूरला निघाले त्या संध्याकाळी आण्णा बीडला ट्रॅव्हल्सच्या दारात उभे होते. बॅग चढवून झाली तरी हलेनात. शेवटी म्हणाले, "तिकडं समद्यांत मिसळून ऱ्हा. येगळं काढू नको." आई खिडकीतून डबा देत म्हणाली, "अन् कुनी सांगितलं म्हनून खरं मानू नको." या दोन वाक्यांचं आपसात काही जमेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

इथे आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये राहतो. फ्रिजमध्ये दुधाच्या चार पिशव्या असायच्या, चारही अर्धवट फोडलेल्या, तोंडाला कपड्यांचा चिमटा, वर मार्करने नाव. त्यातली एखादी हमखास नासायची. मला ते बघवत नसे. लिंबागणेशजवळच्या आमच्या गावात आण्णा दूध सोसायटीचे चेअरमन. अख्ख्या गावाचं दूध एका कॅनमध्ये जाताना बघत मी वाढले. तरी "एकाच पातेल्यात तापवूया" एवढं म्हणायला मला कित्येक आठवडे लागले. घर सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत असेल, नव्या जागी लहानसं वाक्यही जड होतं.

तन्वी पुण्याची, वादात पटाईत. म्हणाली, "तू चेअरमनची मुलगी, म्हणून तुला असं वाटतं. माझ्या घरी वाढली असतीस तर तुलाही स्वतःची पिशवी हवी असती. मग हे तुझं मत कसं?"

मी खोलीत निघून गेले. तिचं खरं होतं. पण तिची वाद घालायची सवयही तिच्या घरूनच आलेली असणार, आणि तेवढ्यावरून तिचा वाद खोटा ठरत नव्हता. मग माझं मत खोटं कसं? आणि खरं तरी कशावरून?

तेव्हा दुष्काळातली एक सकाळ आठवली. सोसायटीचा नियम आण्णांनीच केलेला: आधी चेअरमनचं दूध तपासायचं, सगळ्यांसमोर. काचेचा लॅक्टोमीटर दुधात सोडायचा; दूध पातळ असेल तर तो खोल बुडतो. त्या वर्षी हिरवा चारा नव्हता, म्हशीला नुसता कडबा. आमच्या दुधात तो बुडाला. रांगेतले किसनकाका म्हणाले, "चेअरमन, म्हैस पिळली का हापसा?" सगळे हसले. आण्णाही हसले आणि किटली घेऊन घरी आले. आईने त्या दुधाची खीर करून गल्लीत वाटली, किसनकाकांनाही.

म्हणजे घराने मला मत दिलं होतं, तसं ते तपासायचं मापही दिलं होतं. मी बाहेर येऊन म्हणाले, "महिनाभर करून बघू. नाही जमलं तर पिशव्या वेगळ्या. आणि दूध कमी पडलं तर आधी माझा चहा कोरा."

थोड्याच दिवसांत तन्वीचा भाऊ आला आणि कॉर्नफ्लेक्ससाठी पातेलं रिकामं करून गेला. मी कोरा चहा घेतला.

"कडू आहे?" तन्वीने विचारलं.

"लई."

ती खो खो हसली. महिना संपला तेव्हा पिशव्यांचा विषय कोणी काढला नाही. चिमटे परत वाळत घातलेल्या कपड्यांवर गेले.

घरून आणलेलं सगळंच तरलं नाही. मी मोठी झाल्यावर आण्णांनी मला डेअरीत नेणं बंद केलं होतं. बायांनी त्या रांगेत थांबू नये म्हणून. ते मत मी कितीदा तरी तपासलं, दर वेळी बुडालं. त्यांना सांगायची मात्र भीती वाटायची. गेल्या रविवारी फोनवर पातेल्याची गोष्ट सांगता सांगता विचारलं, "आण्णा, मला डेअरीत न्यायचं कावून बंद केलतं?"

ते म्हणाले, "चुकलंच ते. आता तुझी आईच जाती दूध घेऊन. लई येळ लावती. समद्यांचं मीटर वाकून बघती."

मागून आईचा आवाज आला, "बघू नको तर काय? आपलं तर दोनदा बघती मी."

निघाले तेव्हा वाटलं होतं, घर मागे राहिलं. तेही तिकडे पुढे चालतच होतं.